कॉन्टेक्स्ट गेला, आता परत काय काय आणायचं?

"परत काळं झालं गं."

"कुठल्या मशीनवर?"

"माझ्याच. लॅपटॉप मिटला, उघडला, बस."

आमच्या टेस्टिंगवालीचा आणि माझा हा संवाद इतक्या वेळा झालाय की हल्ली ती नुसतं "काळं" एवढंच लिहून पाठवते. मी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका थ्रीडी टूलवर काम करते. लोक त्यात मॉडेल उघडतात, फिरवून बघतात आणि पृष्ठभागावर ब्रशने रंगवतात. सगळं चित्र वेबजीएलवर चालतं, म्हणजे पानाला ग्राफिक्स चिपकडून (जीपीयूकडून) चित्र काढून घेऊ देणाऱ्या ब्राउझरच्या सोयीवर. आणि मधूनच मॉडेलच्या जागी काळा चौकोन येतो. बाकी पान ठणठणीत असतं. बटणं दबतात, मेनू उघडतात. फक्त ज्यासाठी माणूस आलाय तेवढंच गायब.

हा कॉन्टेक्स्ट लॉस्ट. कॉन्टेक्स्ट म्हणजे पानाची जीपीयूशी असलेली जोडणी, आणि तिथे ठेवलेलं सगळं सामान. नवीन लोकांना तो बग वाटतो, पण 2011 मध्ये वेबजीएल 1.0 आलं त्या स्पेसिफिकेशनमध्येच हे असं होणार म्हणून लिहून ठेवलंय. जीपीयू आपल्या पानाच्या मालकीचा नसतो. ऑपरेटिंग सिस्टिम, बाकीचे टॅब, व्हिडिओ, दुसरी ॲप्स असे सगळे त्याच्यावर बसलेले असतात. विंडोजवर एखादं काम जीपीयूने 2 सेकंदांत सोडलं नाही, तर सिस्टिम ड्रायव्हरच रिसेट करते, आणि त्यात दोषी-निर्दोषी सगळेच जातात. फोनवर टॅब मागे गेला की सिस्टिम मेमरी काढून घेऊ शकते. ड्रायव्हर अपडेट झाला, लॅपटॉप एका ग्राफिक्स चिपवरून दुसऱ्यावर गेला, ब्राउझरची जीपीयू प्रोसेस कोसळली, कारण काहीही असो. आपल्या हातात येतो तो एकच इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना, आणि तो कारण सांगेलच असं नाही.

आता इव्हेंटबद्दल. कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकोनावर, दोन लिसनर लावायचे, एक वेबजीएल-कॉन्टेक्स्ट-लॉस्टसाठी आणि एक रिस्टोअर्डसाठी. पहिल्यात प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हणायचं. म्हटलं नाही तर दुसरा इव्हेंट कधीच येत नाही, कारण डिफॉल्ट वागणूक म्हणजे 'गेलं ते गेलं'. ज्या पानाला सावरता येत नाही त्याच्या हातात अर्धवट कॉन्टेक्स्ट देऊन काय उपयोग, असा त्यामागचा विचार. विचार पटतो, पण नावामुळे सगळे फसतात. त्यात गंमत म्हणजे टूडी कॅनव्हासला 2022 मध्ये क्रोम 99 पासून असेच दोन इव्हेंट मिळाले, आणि तिथे गणित बरोबर उलटं आहे. टूडीत ब्राउझर आपणहून परत आणतो. प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हटलंत तर आणत नाही. वेबजीएलचा हँडलर उचलून टूडीला चिकटवणारा माणूस स्वतःच्या हाताने दार लावून घेतो. आमच्या टूलमध्ये दोन्ही प्रकारचे कॅनव्हास आहेत, त्यामुळे ही ओळ कोड रिव्ह्यूत दिसली की मी आधी कॅनव्हास कुठला ते बघते.

इथपर्यंतचं कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळतं. माझ्या मते खरी अडचण दोन ठिकाणी आहे, आणि त्यातलं पहिलं म्हणजे कॉन्टेक्स्ट प्रत्यक्ष गेला तो क्षण आणि इव्हेंट हातात आला तो क्षण यांच्यामधली फट.

त्या फटीत आपला कोड चालूच असतो, आणि वेबजीएल तक्रार करत नाही. ड्रॉ कॉल, म्हणजे 'हे काढ' असे आदेश, गिळले जातात. काहीतरी परत देणारी फंक्शन्स बहुतेक वेळा नल, म्हणजे 'काहीच नाही', देतात. गेट-एरर एकदाच 'कॉन्टेक्स्ट लॉस्ट' म्हणून सांगतो आणि पुढच्या वेळी विचारलंत तर 'सगळं ठीक'. याचा नमुना म्हणजे एरर लॉगमध्ये दिसणारी ही ओळ: "शेडर कंपाइल झाला नाही: नल". शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) कंपाइल केला, स्टेटस विचारला, 'खरं' आलं नाही म्हणून इन्फो लॉग मागितला आणि तो छापला, असा कोड जगभर सगळीकडे असतो. कॉन्टेक्स्ट गेलेला असेल तर स्टेटसही नल, लॉगही नल. मग कोणीतरी दोन दिवस त्या बिचाऱ्या शेडरमधला अर्धविराम शोधत बसतं. लॉगमध्ये एररच्या मजकुराऐवजी नल दिसला की शेडरकडे बघूच नका. स्टेटस तपासताना सोबत इझ-कॉन्टेक्स्ट-लॉस्ट विचारायचं आणि उत्तर 'हो' आलं तर गप्प बसायचं. पुढचं इव्हेंट बघून घेईल.

हा झाला वेळखाऊ प्रकार. दुसरा भीतीदायक आहे. रीड-पिक्सेल्सने जीपीयूवरचं चित्र मेमरीत आणायचं म्हणजे आपण एक रिकामा ॲरे देतो आणि तो भरून मिळतो. कॉन्टेक्स्ट गेलेला असेल तर फंक्शन काहीच न करता परततं. ॲरे होता तसाच, म्हणजे सगळी शून्यं. आरजीबीएमध्ये (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) सगळी शून्यं म्हणजे पूर्ण पारदर्शक चित्र, अगदी वैध चित्र! आता ऑटोसेव्ह बरोबर त्याच वेळी चालला असेल, तर तो हे वैध कोरं चित्र आधीच्या चांगल्या चित्रावर लिहून मोकळा होईल. काळा चौकोन रिलोड केल्यावर जातो; सेव्ह झालेलं कोरं पान जात नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पिक्सेल वाचल्यानंतर, आणि डिस्कवर किंवा सर्व्हरवर काहीही पाठवण्याआधी, इझ-कॉन्टेक्स्ट-लॉस्ट विचारायचं. वाचण्याआधी विचारून भागत नाही, कारण मधल्या मधेही जाऊ शकतो. सावरण्याचं बाकी सगळं काम पुढच्या महिन्यावर ढकलायचं असेल तर ढकला, पण ही एक तपासणी आज घाला.

अडचणीची दुसरी जागा म्हणजे रिस्टोअर्ड इव्हेंट आल्यानंतरचं सगळं. कॉन्टेक्स्टचं ऑब्जेक्ट जावास्क्रिप्टमध्ये तेच असतं, पण पाटी कोरी. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेली चित्रं), बफर (आकड्यांचे साठे), शेडर प्रोग्रॅम, फ्रेमबफर सगळं बाद. ब्लेंडिंग, डेप्थ टेस्ट वगैरे स्टेट पुन्हा मूळपदावर. एक्स्टेन्शनसुद्धा पुन्हा मागावी लागतात. जुनं टेक्स्चर चुकून बाइंड केलंत तर इनव्हॅलिड ऑपरेशन.

म्हणजे प्रश्न असा उरतो: जीपीयूवर जे जे होतं ते आलं कुठून होतं? हे प्रत्येक वस्तूबद्दल सांगता आलं पाहिजे. ज्या ॲपला ते सांगता येतं त्याला रिस्टोअर फुकटात मिळतं आणि ज्याला येत नाही त्याने कितीही लिसनर लावले तरी व्यर्थ. आमच्या कोडमध्ये यासाठी एक नोंदवही आहे. जीपीयूवरची कुठलीही वस्तू तिच्यामार्फतच बनते, आणि बनवताना ती पुन्हा कशी बनवायची ते सांगणारं फंक्शन सोबत द्यावंच लागतं. थेट क्रिएट-टेक्स्चर लिहिलं तर लिंटर (कोडचे नियम तपासणारा प्रोग्रॅम) अडवतो. नोंदवही लिहायला सोपी होती. जुन्या कोडमधली प्रत्येक वस्तू घेऊन 'बाई, तू आलीस कुठून?' विचारत बसणं हे खरं काम होतं.

शेडर कोडमधून येतात, त्यांचा प्रश्नच नाही. मॉडेलची जाळी आणि त्याची मूळ टेक्स्चर फाइलमधून येतात, पण इथे एक मोह आडवा येतो. मेमरी वाचवायची म्हणून जीपीयूवर चढवून झाल्यावर जावास्क्रिप्टमधली प्रत टाकून द्यायची. थ्रीजेएस या थ्रीडी लायब्ररीमध्ये बफर ॲट्रिब्यूटला अपलोडनंतरचा कॉलबॅक देऊन ॲरे सोडून देणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि इमेज-बिटमॅप वापरून झाल्यावर क्लोज करणंही. फोनवर मोठं मॉडेल उघडायचं तर ते करावंही लागतं. थ्रीजेएस स्वतः कॉन्टेक्स्ट लॉस्ट पकडतं, प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हणतं आणि परत आल्यावर सगळं पुन्हा चढवायला बघतं. पण चढवायला हातात काही असेल तर ना! आम्ही मधला मार्ग काढला. ॲरे टाकतो, पण मूळ फाइल ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, इंडेक्स्ड-डीबीमध्ये, ब्लॉब म्हणून ठेवतो. परत यायला वेळ लागतो, पण नेटवर्क लागत नाही. लॅपटॉप झोपेतून उठतो तेव्हा वायफाय अजून जोडलेलं नसतं, आणि कॉन्टेक्स्ट नेमका तेव्हाच परत येतो. नेटवर्कवर भिस्त ठेवलेलं रिस्टोअर नेमक्या त्याच वेळी तोंडघशी पडतं.

आणि मग ब्रशने रंगवलेला थर. हा कुठूनच आलेला नसतो. माणसाने हात फिरवला, प्रत्येक फटकारा सरळ जीपीयूवरच्या टेक्स्चरमध्ये उमटला. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. 4096 बाय 4096 चा आरजीबीए थर म्हणजे 64 एमबी. प्रत्येक फटकाऱ्यानंतर तेवढं वाचून आणायचं म्हटलं तर हात अडखळतो, कारण साधं रीड-पिक्सेल्स जीपीयूचं हातातलं काम संपेपर्यंत सगळ्यांना थांबवतं.

यावरचा आमचा उपाय जरा तपशिलात सांगते, कारण असा थर असलेल्या कुठल्याही ॲपला तो लागू पडेल. थराचे 256 बाय 256 चे तुकडे पाडले, म्हणजे 256 टाइल्स, प्रत्येकी 256 केबी. फटकारा ज्या टाइल्सवरून गेला तेवढ्याच 'मळक्या' म्हणून लिहून ठेवायच्या. हात थांबला की मळक्या टाइल्स थोड्या थोड्या करून वाचायच्या, आणि त्याही थेट नाही. वेबजीएल 2 मध्ये रीड-पिक्सेल्स आधी एका पॅक बफरमध्ये करता येतं, मागोमाग फेन्स, म्हणजे 'इथपर्यंतचं काम झालं' अशी खूण, टाकायचा, आणि पुढच्या फ्रेम्समध्ये 'झालं का?' एवढंच विचारायचं. झालं असेल तर बफरमधून उचलायचं. कोणी कोणासाठी थांबत नाही.

पण दोन वाचनांच्या मधल्या वेळेत कॉन्टेक्स्ट गेला तर? त्यासाठी फटकाऱ्यांची यादी: बिंदू, दाब, ब्रशचा आकार, रंग, आणि प्रत्येकाला चढता क्रमांक. ही यादी किरकोळ असते. प्रत्येक टाइलला माहीत असतं की आपली साठवलेली प्रत कितव्या फटकाऱ्यापर्यंतची आहे. कॉन्टेक्स्ट परतला की आधी साठवलेल्या टाइल्स चढवायच्या, मग उरलेले फटकारे क्रमाने पुन्हा मारायचे, आणि ज्या टाइलने तो फटकारा आधीच बघितलाय तिला सिझरने (ठरावीक चौकटीतच काढू देणारी सोय) वगळायचं. नाहीतर अर्धपारदर्शक रंग तिथे दुप्पट गडद होतो.

यात दोन काटे निघाले. एक म्हणजे शिंतोडे उडवणारा ब्रश. त्याचे ठिपके मॅथ-रँडमवर पडायचे. पुन्हा मारला की शिंतोडे वेगळे. इतरांना कळत नाही, पण ज्याने ते उडवलेत त्याला बरोबर कळतं. आता प्रत्येक फटकाऱ्यासोबत बीजसंख्या साठवली जाते आणि ठिपके तिच्यातूनच निघतात. दुसरा काटा स्मज ब्रशचा. तो खालचाच रंग ओढून पुढे नेतो, म्हणजे त्याचं उत्तर शेजारच्या टाइलमध्ये त्या क्षणी काय होतं यावर अवलंबून. शेजारची टाइल पुढच्या क्रमांकापर्यंत साठवलेली असेल तर स्मज पुन्हा तसाच उमटत नाही. म्हणून स्मज झाल्या झाल्या त्याने शिवलेल्या टाइल्स रांग मोडून पुढे घेतो. तेवढ्या क्षणात कॉन्टेक्स्ट गेलाच तर शेवटचा एक स्मज टाकून देतो. ते आम्ही ठरवून मान्य केलंय. त्याहून जास्त घट्ट करायला गेलं तर रंगवणं जड होतं, आणि रंगवणं हेच तर टूल आहे.

असिंक्रोनस भानगडींबद्दल थोडक्यात. कॉन्टेक्स्ट जाण्याआधी मागवलेली इमेज तो परत आल्यानंतर लोड होऊ शकते, रिस्टोअर अर्धवट असताना पुन्हा लॉस्ट येऊ शकतो. आम्ही कॉन्टेक्स्टच्या प्रत्येक जन्माला पिढीचा आकडा दिलाय. कुठलंही लांबणारं काम सुरू होताना पिढी लिहून घेतं आणि संपताना ताडून बघतं. जुळली नाही तर मुकाट्याने सोडून देतं. लॉस्ट आला की रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम रद्द करायचा, हेही ओघाने आलंच.

तपासायचं कसं, हे लोक मला सर्वात जास्त विचारतात. लूज-कॉन्टेक्स्ट नावाचं एक्स्टेन्शनच आहे, त्यात घालवायचं आणि परत आणायचं अशी दोन फंक्शन्स. फक्त एक्स्टेन्शन आधी मागून हातात ठेवा, कारण कॉन्टेक्स्ट गेल्यावर मागितलंत तर नल मिळेल. शिवाय असा मुद्दाम घालवलेला कॉन्टेक्स्ट आपोआप परत येत नाही, दुसरं फंक्शन आपणच बोलवायचं. आमच्या टेस्ट बिल्डमध्ये त्याला कीबोर्डची एक की बांधली आहे, आणि टेस्टिंगवाली ती अगदी निर्दयपणे वापरते: फाइल लोड होताना, फटकारा अर्ध्यात असताना, एक्सपोर्टचा डायलॉग उघडा असताना. अर्ध्या फटकाऱ्यातले बग फक्त तिच्यामुळे मिळाले. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम कोलन स्लॅश स्लॅश जीपीयूक्रॅश' टाकलं की जीपीयू प्रोसेस खरोखरच पडते. ती परीक्षा जास्त खरी, पण बाकीच्या टॅब्जनाही दणका बसतो, तेव्हा शेजारी काही महत्त्वाचं उघडं नसू द्या.

वापरणाऱ्याला काय दाखवायचं यावर टीममध्ये बरीच वादावादी झाली. मोठा लाल एरर बॉक्स मला मान्य नव्हता. बहुतेक वेळा गोष्ट चुटकीसरशी सावरते, मग माणसाला कशाला घाबरवा? कॅनव्हासवर साध्या एचटीएमएलचा एक पट्टा येतो, "चित्र परत आणत आहोत, तुमचं काम जपलेलं आहे." दुसरं वाक्य खरं असेल तेव्हाच दाखवायचं, ते नोंदवहीला विचारून ठरतं. रिस्टोअर्ड येईलच अशी हमी कोणीच देत नाही, म्हणून थोडं थांबून रिलोडचं बटणही येतं.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी बोलत नाही. कॉन्टेक्स्ट जाण्याचं कारण आपणच असू शकतो. आपलाच एखादा ड्रॉ कॉल त्या मशीनवर 2 सेकंदांपलीकडे गेला, ड्रायव्हर रिसेट झाला, कॉन्टेक्स्ट परत आला, आपण तत्परतेने तेच दृश्य पुन्हा काढलं, आणि पुन्हा रिसेट. सावरण्याचा कोड जितका चांगला तितकं हे चक्र वेगाने फिरतं. क्रोम अशा पानाचा वेबजीएल वापर काही काळाने बंद करतो आणि 'रॅट्स!' म्हणत वर एक पट्टी दाखवतो. म्हणून परत आल्यावर आम्ही पहिल्या झटक्यात सगळं काढत नाही. सावल्या बंद, रेझोल्युशन निम्मं, मोठ्या जाळ्या तुकड्यांत. काही वेळ सुरळीत गेला की हळूहळू वर. थोड्या वेळात पुन्हा लॉस्ट आला तर त्या सत्रापुरतं खालीच राहायचं.

आणखी एक घरचाच चोर म्हणजे कॉन्टेक्स्टची संख्या. क्रोम डेस्कटॉपवर एका वेळी 16 कॉन्टेक्स्ट जिवंत ठेवतो, अँड्रॉइडवर 8. त्यापुढचा मागितला की सर्वात जास्त वेळ न वापरलेला मारला जातो, कन्सोलमध्ये तशी सूचनाही येते. यादीतल्या प्रत्येक मॉडेलच्या छोट्या चित्राला स्वतंत्र कॅनव्हास दिला की मुख्य एडिटरचाही बळी जाऊ शकतो. एकच कॉन्टेक्स्ट ठेवून त्यात सिझर लावून सगळी छोटी चित्रं काढावीत. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना जुना कॉन्टेक्स्ट गार्बेज कलेक्टर कधीतरी नेईल या आशेवरही राहू नये. लूज-कॉन्टेक्स्टने आपणच सोडावा. त्याआधी लिसनर काढायला विसरू नका, नाहीतर सावरण्याची यंत्रणा निवृत्त कॅनव्हासला जिवंत करायला धावते.

सध्या टूलचा वेबजीपीयूवरचा, म्हणजे वेबजीएलच्या वारसदारावरचा, पोर्ट चालू आहे. क्रोममध्ये ते 2023 पासून, आवृत्ती 113 मध्ये आलं. तिथे लॉस्ट हा इव्हेंट नसून डिव्हाइसवरचा एक प्रॉमिस आहे, आणि 'परत येणं' ही कल्पनाच काढून टाकली आहे. डिव्हाइस गेलं की गेलं; नवा ॲडॉप्टर (जीपीयूचा ब्राउझरमधला प्रतिनिधी) मागा, त्याच्याकडून नवं डिव्हाइस घ्या, कॅनव्हास त्याच्यासाठी पुन्हा कॉन्फिगर करा. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. कारण विचारलं तर 'डिस्ट्रॉइड' किंवा 'अननोन' मिळतं. आपणच डिस्ट्रॉय म्हटलं असेल तर पहिलं, आणि तेव्हा काही करायचं नाही. ॲडॉप्टर शिळा झालेला असेल तर मागितलेलं नवं डिव्हाइस जन्मतःच लॉस्ट म्हणून हातात येतं, तेव्हा सरळ लूप लिहिलात तर गरगरत राहाल. मध्ये थोडं थांबणं आणि प्रयत्नांना मर्यादा हवीच. नोंदवही जशीच्या तशी उचलून नेली. टाइल्सचं आणि फटकाऱ्यांचं काहीच बदललं नाही, फक्त वस्तू परत बनवायचा क्रम आता काटेकोर पाळावा लागतो: बाइंड ग्रुपमध्ये बफर आणि टेक्स्चर गुंफलेले असतात, म्हणून ते आधी उभे राहायला हवेत. प्रत्येक नोंदीत 'कोणावर अवलंबून' असा एक रकाना वाढवलाय, आणि या आठवड्यात तोच भरत बसले आहे.